मापाडी झोपतो त्या तासात

निंबखोरीतल्या एकोणीस मुलांनी फुंकणी ओढून पाहिली होती. त्यांतली सतरा म्हणत होती, "आम्हाला सोडायची आहे." सहा महिन्यांत सुटली मात्र एकाचीच. त्याचंही कारण असं, की वडिलांची बदली झाली आणि तो गावच सोडून गेला.

हे कोडं मापाड्यानं घातलं. बाजार समितीत धान्याची पोती वजन करतो त्याला मापाडी म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. हा मापाडी मात्र माणूस नव्हता. कमरेएवढ्या उंचीचा, चार चाकांचा, पोटावर काच बसवलेला यंत्रमानव होता तो. सकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसायचा आणि मुलांची उंची, वजन, नजर, दात, श्वास असं सगळं मोजायचा. शेवटी हळू आवाजात विचारायचा, "फुंकणी ओढतोस का? ओढत असशील तर सोडायची तयारी शून्य ते दहात किती?"

ही फुंकणी चुलीतला जाळ फुलवायची नव्हे. निकोटिन (तंबाखूतलं सवय लावणारं द्रव्य) मिसळलेला गोड द्रव तापवून त्याची वाफ ओढायची ही बोटभर नळी. देशात तिच्यावर बंदी होती. तरी ती यायचीच, कधी खोडरबराच्या रूपात तर कधी शिट्टीच्या. आंब्याच्या नाहीतर बडीशेपेच्या वासाची असायची. असा वास आला की विष आहे असं वाटतच नाही.

मापाडी बांधला होता डॉक्टर रंगनाथ हुबाले यांनी. ते मेंदूशास्त्रज्ञ (मेंदूचं काम कसं चालतं ते शोधणारे) होते. तीस वर्षं बंगळुरात काढून ते गावी परतले होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. नववीतल्या उर्वीचे तर ते सख्खे आजोबा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मापाडी आबांना हिशोब वाचून दाखवायचा. त्या दिवशी उर्वी शेजारीच पावटे सोलत बसली होती.

"सतरा जणांची तयारी आठच्या वर," मापाडी म्हणाला. "सुटली एकाची."

आबांनी त्याच्या डोक्यावर टिचकी मारली. "काटा अडकलाय तुझा."

"काटा ठीक आहे. आठ म्हणजे आठ."

"मग ही पोरं खोटं बोलत्यात व्हय? कोण कोण आहेत रे?"

"मापाडी माप सांगतो, आबा. माल कुणाचा ते सांगत नाही. तुम्हीच तसं शिकवलंय."

उर्वीच्या हातातला पावटा घरंगळत ओट्याखाली गेला. त्या सतरांतली एक ती होती. तिचा आकडा नऊ होता.

ती खोटं बोलली नव्हती. तिला खरंच सोडायची होती, आणि त्याचं कारणही अगदी जवळचं होतं. उर्वी कबड्डीत चढाईला जायची. "कबड्डी, कबड्डी" म्हणत एकाच दमात समोरच्या अंगणात शिरायचं, गडी मारायचा आणि दम तुटायच्या आत परत यायचं. दिवाळीत तिचा दम सत्तावीस सेकंद टिकत होता. आता तो एकोणीसवर आला होता. खेळाच्या जगताप मॅडमनी घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "महिन्याभरानं तालुक्याच्या संघाची निवड आहे. दम आला तर चढाईला तू. न्हाई आला तर दुसरी बघते. मला कारण सांगू नकोस, दम दाखव."

त्यानंतर उर्वीनं चार वेळा फुंकणी सोडली आणि चार वेळा धरली. रोज सकाळी दात घासताना ती ठरवायची, आज नाही. शाळेत दिवस कसाबसा निघायचा. आणि संध्याकाळी पाण्याच्या जुन्या टाकीच्या जिन्यावर वर्गातल्या नक्षत्रा आणि शिवांशच्या मध्ये बसून ती पुन्हा वाफ सोडत असायची. सकाळची उर्वी वेगळी आणि संध्याकाळची वेगळी, असं तिला वाटायला लागलं होतं. आपण खोटारडे आहोत, आपल्यात धमकच नाही, असंही वाटायचं. आणि एकदा असं वाटलं, की माणूस सोडायचा प्रयत्नच सोडून देतो.

सोमवारी सगळे वर्गात गेल्यावर ती मापाड्यापुढे उभी राहिली.

"मी खोटारडी आहे का रे?"

मापाड्याच्या पोटावरची काच उजळली. "तू नऊ म्हणालीस तेव्हा तुझा आवाज स्थिर होता, नाडी स्थिर होती. तू खरं बोलत होतीस."

"मग संध्याकाळी काय होतं मला?"

"संध्याकाळचं माप माझ्याकडे नाही."

"का नाही?"

"साताला भोंगा होतो. मी झोपतो."

उर्वीला आधी हसूच आलं. मग ती हसता हसता थांबली.

निंबखोरीचा भोंगा आजूबाजूच्या दहा गावांत प्रसिद्ध होता. संध्याकाळी बरोबर सातला ग्रामपंचायतीच्या छतावरून तो वाजायचा, की साडेआठपर्यंत गावातला प्रत्येक पडदा बंद. फोन बंद, भिंतीवरचे टीव्ही बंद. द्राक्षबागेवर औषध फवारणारी ड्रोनंसुद्धा खाली उतरायची. माणसांनी माणसांशी बोलावं, पोरांनी वाचावं, खेळावं, म्हणून बारा वर्षांपूर्वी ग्रामसभेनं हा नियम केला होता. कल्पना आबांचीच. पुढे मापाडी बांधला तेव्हा कुणीतरी म्हणालं, आरोग्याच्या यंत्राला सूट देऊ. आबा ठामपणे म्हणाले होते, "नियम म्हणजे नियम. माझ्या यंत्रालाही सूट नको."

टाकीच्या जिन्यावरची बैठक भरायची ती याच दीड तासात. हातात फोन नाही, मोठी माणसं ओट्यांवर गप्पांत रंगलेली. पोरांनी वाफेचे ढग सोडायला याहून निवांत वेळ कुठली? आणि नेमक्या त्याच वेळेला गावातलं मोजणारं एकमेव यंत्र डोळे मिटून बसलेलं.

"तू झोपतोस, तर मी मोजते," उर्वी म्हणाली.

तिनं वहीच्या मागच्या पानावर रेघा आखल्या. आठवडाभर ती रोज पहाटेपासून झोपेपर्यंत अधूनमधून स्वतःला विचारायची, 'आत्ता तयारी किती?' आणि आकडा लिहायची. जिन्यावर बसूनही लिहायची.

"काय लिहितीस गं सारखं?" नक्षत्रानं विचारलं. नक्षत्राचे वडील कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात असायचे. फुंकणी पहिल्यांदा तिच्याच मामेभावाच्या खिशातून आली होती.

"भूगोल."

"भूगोलात नुसते आकडे?"

"पाऊसमान आहे."

शिवांश खो खो हसला. "निंबखोरीचं पाऊसमान लिहायला एवढी पानं लागतात व्हय? एक शून्य काढ आणि मीट वही."

सात दिवसांनी उर्वीनं पान समोर धरलं. सकाळी नऊ. दुपारी सात. संध्याकाळी साडेसहापर्यंत सहा-सात. भोंगा वाजला की तीन. नक्षत्रानं नळी काढली की एक. साडेआठला घरी आलं की पुन्हा सहा. एक दिवस मात्र वेगळा होता. शनिवारी ती विट्याला मावशीकडे होती. तिथं भोंगा नव्हता, जिना नव्हता, नक्षत्रा नव्हती. त्या दिवशी सातला आकडा होता सहा, आणि जेवणं होईपर्यंत तिला फुंकणी आठवलीही नव्हती.

हे कुणाला तरी दाखवायला हवं होतं. आणि ते समजेल असा माणूस घरातच होता. पण पान दाखवायचं म्हणजे सगळंच सांगायचं. शाळेत कळलं तर पटावरून नाव काढतील. आईला कळलं तर ती रडेल. उर्वी दोन दिवस वही छातीशी धरून घरात फिरली. निवडीला तेरा दिवस उरले होते. तिसऱ्या दिवशी तिनं वही आबांच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, पळायचं झालं तर सोपं पडावं म्हणून.

आबांनी पान वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

आबा उठले. माठातून तांब्याभर पाणी घेतलं, उभ्यानंच प्यायले. उर्वीला वाटलं, आता ओरडतील. पण ते परत आले आणि तिला ओढून आपल्या शेजारी बसवलं.

"मी फेब्रुवारीत शाळेत काळ्या फुप्फुसाचं चित्र लावलं होतं. त्याचा काहीच उपयोग झाला नाही?"

"शिवांशनं त्याला मिशा काढल्या."

आबांच्या ओठाचा कोपरा हलला.

"आबा, ते पन्नाशीतल्या माणसाचं होतं. ते आमचं कुणाचंच वाटत नाही. मला माझे आठ सेकंद दिसतात, गेलेले. तेवढे पुरतात मला. पण भोंगा झाला की तेही दिसत नाहीत. असं का होतं?"

आबांनी वहीवर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "आई म्हशीची धार काढायला बसते, तेव्हा म्हशीला पान्हा कधी फुटतो?"

"बादली वाजली की."

"रेडकू कासेला लागलेलं नसतं, हातही लागलेला नसतो. नुसती बादली वाजते आणि दूध उतरतं. कारण रोज बादलीमागून धार येते, हे तिच्या मेंदूनं गाठीला बांधलंय. याला संकेत (सवय जागी करणारी खूण) म्हणतात. तुझ्या मेंदूनं भोंगा गाठीला बांधला. भोंगा, मग जिना, मग नक्षत्रा, मग वाफ. रोज त्याच ओळीनं. आता भोंगा वाजला की वाफ यायच्या आधीच मेंदू ती मागायला लागतो."

"पण मागतो तरी कशाला? मला आता चवही आवडत नाही. ओढली की जरा शांत वाटतं, एवढंच."

"ते शांत वाटणंच फसवं आहे. ऐक. लग्नाची पंगत डोळ्यापुढे आण. मेंदूत ग्राहक (निरोपाची रसायनं जिथं येऊन बसतात त्या जागा) असतात. त्या म्हणजे पत्रावळी समज. मेंदूचे स्वतःचे पाहुणे येतात, बसतात, जेवतात, उठतात. निकोटिन म्हणजे बिनबोलावता आलेलं वऱ्हाड. एक झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत येऊन धडकतं. मेंदू बिचारा यजमान. गर्दी झाली म्हणून जास्त पत्रावळी मांडतो. वाढत्या वयात तर हात जास्तच सैल, भराभर मांडतो. मग वऱ्हाड आलं नाही की?"

"पत्रावळी रिकाम्या."

"आणि रिकाम्या पत्रावळी ओरडतात. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, जीव कासावीस होतो. तू वाफ ओढतेस, ओरड थांबते. तुला वाटतं, फुंकणीनं शांत केलं. अगं, ओरडायला लावलं तेही तिनंच."

उर्वी वहीकडे पाहत राहिली. "म्हणजे मी खोटारडी नव्हते."

"नव्हतीस. सकाळचे नऊ खरे, संध्याकाळचा एक हा आकडाही खरा. तयारी म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, पोरी. ती विहिरीच्या पाण्यासारखी चढते, उतरते. सोबत कोण आहे, जागा कुठली, जमेल असं वाटतं की नाही, कुणी बोल लावेल की हात देईल, या सगळ्यानं ती हलते. आणि मी गाढव, रोज भरल्या वेळेलाच विहीर मोजत होतो." ते ताडकन उठले. "उद्याच सरपंचांना सांगतो. भोंगा बंद!"

"नको आबा."

"का नको?"

"भोंग्यानं काय वाईट केलंय? त्याच तासात नक्षत्राची आजी तिला फोनशिवाय बघते. आई तुमच्याशी बोलते. भोंगा गेला तर पोरं दुसरी वेळ शोधतील. तो वाजल्यावर मी काय करायचं, ते सांगा."

आबा पुन्हा खाली बसले. आपल्या नातीकडे ते जरा वेगळ्याच नजरेनं पाहत होते. मग त्यांनी सांगितलं, की ही हाव लाटेसारखी येते. चढते तेव्हा वाटतं, बुडवणारच. पण फार तर पाच-दहा मिनिटांत ओसरते. लाटेशी भांडायचं नाही. तेवढी मिनिटं तोंडाला आणि हातापायांना दुसरं काम द्यायचं.

"कबड्डी म्हणू?"

"म्हण की! कबड्डी म्हणताना फुंकणी ओढता येते का?"

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि हुबाल्यांच्या अंगणातून "कबड्डी, कबड्डी" सुरू झालं. आबा जुनं चावीचं घड्याळ धरून बसले, कारण पडद्याची घड्याळं त्या वेळी बंद असत. उर्वीनं आईलाही सांगून टाकलं. आई रडली, मग तिनं पदर खोचला आणि समोरच्या संघाचा गडी म्हणून उभी राहिली. तिला पकड अजिबात येत नव्हती, पण धावायची जोरात.

हे वाचायला सोपं आहे, करायला नव्हतं. तिसरा दिवस सगळ्यात वाईट गेला. उर्वी भाजीवरून आईवर खेकसली आणि ताट सोडून उठली. आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की पहिले तीन-चार दिवस पत्रावळी फार ओरडतील. मग मेंदू जादा पत्रावळी एकेक करून उचलायला लागेल आणि तीन-चार आठवड्यांत बरीच शांतता होईल. नुसतं हे माहीत असल्यानंही तिला जरा धीर आला.

खरी कळ दुसरीकडेच होती. चौथ्या दिवशी नक्षत्रानं शाळेच्या नळापाशी तिला गाठलं.

"मोठी खेळाडू झालीस व्हय! आम्ही आता नको."

"तसं न्हाई गं."

"मग कसं? जिन्यावर येत न्हाईस, बोलत न्हाईस. आम्हाला काय रोग झालाय?"

 पाचव्या दिवशी उर्वी जिन्यावर गेली, नुसतं बसायला. आणि तिनं दोन झुरके घेतले.

सकाळी ती मापाड्यापुढे आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "लिही शून्य. गेलं सगळं."

मापाड्यानं काही लिहिलं नाही. "कबड्डीत बाद झालेली खेळाडू घरी जाते का?"

"न्हाई. बाहेर बसते."

"आणि आपल्या संघानं पुढचा गडी मारला की?"

"परत आत येते."

"मला नियम तेवढे ठाऊक आहेत," मापाडी म्हणाला. "दोन झुरके म्हणजे डाव संपला, असा नियम माझ्याकडे कुठंच लिहिलेला नाही."

उर्वी त्या संध्याकाळी पुन्हा अंगणात उतरली.

इकडे आबांनीही आपलं काम केलं. ग्रामसभेत उभं राहून त्यांनी साऱ्या गावापुढे सांगितलं, "ज्या तासाला मोजायला हवं होतं, त्याच तासाला मी मापाड्याला झोपवलं. चूक माझी. पोरांवर रागावू नका. त्यांना सोडायचंय, त्यांना त्या तासात सोबत हवीय. नाव काढायची धमकी दिली, तर ती मदत मागायला येणार नाहीत."

"मग मापाड्याला सूट द्यायची का?" सरपंचांनी विचारलं.

"त्याला सूट दिली तर आमच्या टीव्हीलाही द्या," मागून कुणीतरी ओरडलं आणि सभा हसली.

शेवटी ठरलं, की मापाडी झोपू दे. ज्याला हवं त्यानं आपला आकडा आपल्या वहीत लिहावा आणि वही कुणी उघडायची नाही. शाळेनंही कबूल केलं, की जो मुलगा आपणहून सांगेल त्याचं नाव काढायचं नाही.

निवडीच्या दिवशी विट्याच्या मैदानावर ऊन रणरणत होतं. उर्वीनं चढाई केली. समोर सहा मुली होत्या. एकवीस, बावीस, तेवीस... चोविसाव्या सेकंदाला तिनं कोपऱ्यातल्या मुलीला पाय लावला आणि मधल्या रेषेवर झेपावली. हात रेषेला लागला, दमही तेव्हाच तुटला.

जगताप मॅडमनी यादी वाचली. पहिल्या सात जणींत उर्वीचं नाव नव्हतं. राखीव म्हणून होतं.

"तोंड पाडू नकोस," मॅडम तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या. "एकोणिसाचे चोवीस झालेत. असाच चढत राहिला, तर जिल्ह्याच्या सामन्यांच्या आधी मी यादी बदलेन. बदलता येते ती."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून उर्वी डोळ्यांतलं पाणी वाऱ्यावर वाळवत होती. मागच्या बाकावरून नक्षत्रा उठली आणि तिच्या शेजारी येऊन बसली. सामना बघायला ती आली होती, हे उर्वीला माहीतही नव्हतं. 

"राखीव म्हणजे वाईट न्हाई," नक्षत्रा म्हणाली.

"हं."

"संध्याकाळी नक्की काय करता गं तुमच्या अंगणात? आमच्या गल्लीपर्यंत आवाज येतो."

"ओरडतो."

"आणि?"

"आणि काही न्हाई. दहा मिनिटं ओरडतो. मग भूक लागते, जेवतो."

नक्षत्रानं पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली. "मला न्हाई जमणार. मी फार दिवसांपासून ओढतेय."

"मलापण वाटायचं न्हाई जमणार. पाचव्या दिवशी बाद झाले होते."

"मग?"

"मग परत आत आले."

गाडी घाट उतरू लागली. नक्षत्रा हळूच म्हणाली, "मी आले तर शिवांशपण येईल. एकटा कशाला बसेल तो जिन्यावर?"

"येऊ दे की. समोरच्या संघाला गडी कमीच आहेत. आई एकटीच आहे."

"काकूंना पकड येते?"

"छे! पण धावते जोरात."

दोघी हसल्या. वळणावर निंबखोरीची घरं दिसायला लागली. उर्वीनं घाईघाईनं फोन काढला. सात वाजायला अजून वीस मिनिटं होती, आईला निरोप पोचायला तेवढी पुरेशी होती. तिनं लिहिलं, "आज चार भाकरी जास्त टाक."